परदेशी कर्जाचा प्रकल्प गावातून जातोय? पर्यावरणाचे प्रश्न कुठे, कधी आणि कसे विचारायचे

मोठा प्रकल्प यायचा असला की गावात पहिल्यांदा येतो मोजणीवाला, मग भूसंपादनाची नोटीस, मग जमिनीचे दलाल. ओढ्याचं काय होणार, खारफुटीचं काय होणार, विहिरीला पाणी राहील का हे सांगायला कोणी येत नाही, ते आपल्यालाच विचारायला लागतं. आणि कुठे विचारायचं हेच माहीत नसतं, म्हणून बहुतेक लोक तहसीलला एक अर्ज देतात, त्याची पोच खिशात ठेवतात आणि वाट बघत बसतात.

तर पहिलं काम हे की प्रकल्पाला पैसा कोण देतंय ते शोधा. हे मी मुद्दाम सगळ्यात आधी सांगतोय, कारण दोन राज्यांतून किंवा दोन देशांतून जाणाऱ्या प्रकल्पात जबाबदारी इतकी वाटली गेलेली असते की प्रत्येक ऑफिस दुसऱ्याकडे बोट दाखवतं, पण कर्ज देणारी बँक सगळ्या हद्दींच्या पलीकडची असते आणि तिचे स्वतःचे पर्यावरणाचे नियम लिहून ठेवलेले असतात. ते नियम तिने स्वतःच जाहीर केलेत, त्यामुळे "तुम्ही तुमचाच नियम पाळला नाही" असं तिला तोंडावर सांगता येतं.

मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचंच घ्या. ५०८ किलोमीटरची लाइन, त्यातले साधारण १५६ किलोमीटर महाराष्ट्रात, बाकी जवळजवळ सगळी गुजरातमध्ये आणि मध्ये थोडा तुकडा दादरा नगर हवेलीत. खर्चाचा अंदाज १ लाख ८ हजार कोटी होता आणि त्यातले ८१ टक्के जायका या जपान सरकारच्या कर्ज देणाऱ्या संस्थेचं कर्ज, ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांत फेडायचं. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट सांगतो, आपल्याकडच्या २००६ च्या ईआयए म्हणजे पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेच्या यादीत रेल्वे नाहीच. म्हणजे हायवेला, बंदराला, विमानतळाला पर्यावरण मंजुरी लागते पण रेल्वे लाइनला नाही, आणि मंजुरी नाही म्हणजे त्या कायद्याखालची जनसुनावणी पण नाही. तरीसुद्धा बुलेट ट्रेनचा पर्यावरण आणि सामाजिक परिणामांचा अहवाल तयार झाला, २०१८ मध्ये पालघर-ठाण्यात सल्लामसलतीच्या बैठका लागल्या, कारण जायकाच्या २०१० च्या मार्गदर्शक नियमांना ते लागतं. त्या बैठका कशा झाल्या यावर लोक खूप चिडले होते आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं, पण त्या झाल्या त्या जपानमधल्या नियमामुळे झाल्या हे विसरू नका.

(युरोपात १९९१ चा एस्पो करार आहे, एका देशातल्या प्रकल्पाचा शेजारच्या देशाच्या निसर्गावर परिणाम होणार असेल तर त्या शेजाऱ्याला कळवायचं, अहवाल दाखवायचा, तिथल्या लोकांचं पण ऐकायचं. भारत त्यात नाही. त्यामुळे आपल्या भागात सीमा ओलांडणाऱ्या प्रकल्पांचं हे काम बऱ्याच वेळा कर्ज देणाऱ्या बँकेचे नियमच करतात, जेवढं करतात तेवढं.)

पैसा कसा शोधायचा? बोर्डावर बघा, कामाच्या जागेच्या पाटीवर बऱ्याचदा बँकेचं नाव असतं. टेंडर नोटीस वाचा, त्यात "अमुक बँकेच्या कर्जातून" असं छापलेलं असतं. वर्ल्ड बँक, एशियन डेव्हलपमेंट बँक म्हणजे एडीबी, बीजिंगवाली एआयआयबी, जायका या सगळ्यांच्या साइटवर देशानुसार प्रकल्पांची यादी आहे, तिथे इंडिया टाकून शोधा. तरी सापडलं नाही तर आरटीआय टाका, एक प्रकल्प राबवणाऱ्या कंपनीकडे किंवा प्राधिकरणाकडे आणि एक दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे, कारण सरकारच्या नावावरची परदेशी कर्जं त्या विभागाच्या हातातून जातात. आरटीआयमध्ये "माहिती द्या" असं मोघम लिहू नका, कर्ज कराराची प्रत, पर्यावरण व्यवस्थापन आराखडा, पुनर्वसन आराखडा आणि बँकेला पाठवलेले देखरेखीचे अहवाल अशी कागदांची नावं घालून मागा. आणि लक्षात ठेवा की एकाच प्रकल्पाला दोन बँका असू शकतात, मुंबईच्या मेट्रोलाच बघा, वेगवेगळ्या लाइनला वेगवेगळ्या परदेशी बँकांचा पैसा आहे, मेट्रो ३ जायकाच्या कर्जावर, तर २ए, २बी आणि ७ ला एडीबीचं कर्ज. अटल सेतूला पण जायकाच.

बँक कळली की तिने प्रकल्पाला दिलेली कॅटेगरी बघा. जायकाकडे आणि एडीबीच्या २००९ च्या नियमांत "ए" कॅटेगरी म्हणजे ज्याचे परिणाम मोठे आणि परत न भरून येणारे असू शकतात असा प्रकल्प, त्याला पूर्ण अहवाल लागतो आणि तो करार व्हायच्या आधी ठराविक दिवस जाहीर करायला लागतो, जायकाच्या २०१० च्या नियमांत हा काळ १२० दिवसांचा आहे. तुमच्या प्रकल्पाला "बी" दिली असेल आणि तुमच्या डोळ्यांसमोर खाडी बुजवली जात असेल तर पहिला प्रश्न तोच, की ही कॅटेगरी कोणत्या आधारावर दिली. आणखी एक, नियम बदलत राहतात. वर्ल्ड बँकेची नवीन चौकट ऑक्टोबर २०१८ पासून आहे, जायकाचे नवीन नियम एप्रिल २०२२ पासून, पण तुमच्या प्रकल्पाला तो जेव्हा सुरू झाला तेव्हाचे नियम लागू असतात. चुकीच्या सालचा नियम दाखवून पत्र लिहिलं तर तिकडून दोन ओळींचं उत्तर येतं आणि तुमचे महिने जातात.

मग अहवाल वाचायचा. जाडजूड असतो, इंग्रजीत असतो, घाबरायचं नाही. पूर्ण वाचायची गरज पण नाही. आधी नकाशे उघडा आणि आपलं गाव, आपला ओढा, आपली विहीर, आपली देवराई त्यात दाखवली आहे का बघा, बऱ्याच वेळा दाखवलेलीच नसते आणि तुमच्या तक्रारीचा सगळ्यात मजबूत मुद्दा तिथेच मिळतो. मग पर्यायांचं प्रकरण, म्हणजे दुसरा मार्ग का घेतला नाही याची कारणं. मग पाहणी कोणत्या महिन्यात केली ते, कारण पक्षी आणि मासे मोजायला कोणी मे महिन्यात आला असेल तर पावसाळ्यातल्या ओढ्याबद्दल आणि हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांबद्दल त्या अहवालाला काही सांगता येत नाही. आणि शेवटी पर्यावरण व्यवस्थापन आराखड्याचा तक्ता, ज्यात कोणतं काम कोण करणार, कधी करणार आणि त्याला किती पैसे ठेवलेत ते असतं. हा तक्ता छापून घ्या आणि ग्रामपंचायतीत लावा. धूळ बसवायला दिवसातून किती वेळा पाणी मारायचं, डंपर कोणत्या रस्त्याने जाणार, ब्लास्टिंग कोणत्या वेळेत हे सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि साइटवरच्या इंजिनियरला बऱ्याच वेळा ते माहीतच नसतं.

मुख्य लाइन सोडून बाकीची कामं विसरू नका. खडीच्या खाणी, क्रशर, मुरुम काढलेले डोंगर, बॅचिंग प्लांट, कास्टिंग यार्ड, कामगारांच्या वसाहती, माती टाकायच्या जागा, विजेची लाइन. प्रकल्पाची हद्द शंभर फूट रुंद असते पण त्याची धूळ पाच गावं खातात. मोठ्या बँकांच्या नियमात प्रकल्पामुळेच उभ्या राहिलेल्या अशा जोडकामांनाही धरलेलं असतं, त्यामुळे "ती खाण आमची नाही, ठेकेदाराची आहे" हे उत्तर मान्य करायचं नाही.

आता भारतातले दरवाजे, कारण बँकेला पत्र लिहिलं म्हणून इकडचे कायदे सोडायचे नाहीत, उलट इकडची तारीख आधी संपते. रेल्वेला पर्यावरण मंजुरी लागत नसली तरी मार्ग किनाऱ्यावरून, जंगलातून किंवा अभयारण्यातून जात असेल तर सीआरझेड म्हणजे किनारपट्टी नियमांची, वन आणि वन्यजीव मंजुरी लागतेच. बुलेट ट्रेनला संजय गांधी उद्यान, तुंगारेश्वर आणि ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य यांच्यासाठी राष्ट्रीय वन्यजीव मंडळाकडे जावं लागलं. खारफुटीसाठी तर मुंबई हायकोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, सार्वजनिक हिताचं काम असलं तरी कोर्टाच्या परवानगीशिवाय खारफुटी तोडता येत नाही. आणि या अडथळ्यांचा उपयोग काय झाला ते बघा: तोडायच्या खारफुटीचा आकडा आधी ५३ हजारांच्या वर होता, ठाणे स्टेशनची रचना बदलल्यावर ३२ हजारांच्या आसपास आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये कोर्टाने परवानगी दिली ती साधारण २२ हजार झाडांना. खाडीखालून साधारण ७ किलोमीटर बोगदा नेतायत. मला विचाराल तर २२ हजार सुद्धा फार आहेत, पण ५३ आणि २२ मधली ३१ हजार झाडं प्रश्न विचारल्यामुळे आणि परवानगी मागायला लागल्यामुळे वाचली.

पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात असाल, पालघर जिल्ह्याचा मोठा भाग त्यात आहे, तर ग्रामसभेचा ठराव हा तुमचा सगळ्यात वजनदार कागद. ठरावात "विरोध आहे" एवढंच लिहून सोडू नका, कोणत्या कागदाशिवाय चर्चा करणार नाही हे लिहा, मराठीत अहवाल मिळाला नसेल तर तारखेसकट तेही लिहा. ज्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते तिथे जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी यायला हवी, आणि अहवालाचा सारांश मराठीत असायला हवा. मंजुरी मिळाली की एनजीटीत म्हणजे राष्ट्रीय हरित लवादात, आपल्यासाठी पुण्याचं खंडपीठ, अपील करायला ३० दिवस, उशिराचं कारण पटलं तर आणखी ६० पर्यंत, त्यानंतर दार बंद. म्हणून परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या मंजुऱ्यांच्या साइटवर, आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी बघायलाच पाहिजे, गावातल्या कॉलेजच्या एखाद्या मुलीला किंवा मुलाला हे काम द्या. मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो, तोही मागा.

आता बँकेकडची तक्रार. प्रत्येक बँकेत तक्रारी तपासणारं एक वेगळं खातं म्हणजे विभाग असतो जो कर्ज देणाऱ्या विभागापासून स्वतंत्र असतो. वर्ल्ड बँकेचं इन्स्पेक्शन पॅनेल, वर्ल्ड बँकेच्याच गटातल्या, खासगी कंपन्यांना कर्ज देणाऱ्या आयएफसीचं सीएओ, एडीबीचं अकाउंटेबिलिटी मेकॅनिझम, एआयआयबीचं २०१९ पासूनचं प्रकल्पबाधित लोकांसाठीचं खातं, जायकाचे एक्झामिनर. बहुतेक ठिकाणी अट सारखीच आहे: कमीत कमी दोन माणसं हवीत, दोघं त्या प्रकल्पाने बाधित हवीत, नुकसान झालेलं किंवा होण्याची शक्यता हवी, आणि आधी बँकेच्या नेहमीच्या अधिकाऱ्यांशी बोलून बघितलेलं हवं. शेवटची अट सगळ्यात जास्त लोकांना पाडते. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक ईमेल, प्रत्येक पोच, प्रत्येक भेटीची तारीख आणि कोण काय बोललं ते एका वहीत ठेवा. फोनवर झालेलं बोलणं सुद्धा नंतर ईमेल टाकून "आज आपलं असं बोलणं झालं" असं लिहून कळवा.

मुदत सांभाळा. वर्ल्ड बँकेच्या सप्टेंबर २०२० नंतर मंजूर झालेल्या कर्जांना कर्ज बंद झाल्यावर १५ महिन्यांपर्यंत तक्रार चालते, जुन्यांना तेवढा वेळ नाही, ९५ टक्के पैसे वाटले गेले की संपलं. एडीबी आणि एआयआयबी दोन वर्षं देतात. पण ही शेवटची टोकं आहेत, खरा जोर पैसा वाटायचा बाकी असतो तेव्हाच. पूर्ण हप्ते गेलेल्या बँकेला तुमच्या पत्राची घाई कशाला असेल.

पत्र कसं लिहायचं यावर जरा थांबतो कारण इथेच सगळं अडतं. आपल्याकडे निवेदन लिहायची एक पद्धत आहे, "निसर्गाचा ऱ्हास थांबवा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडू". ते तहसीलदाराला ठीक, बँकेच्या तपास खात्याला त्यात पकडायला काही सापडत नाही. त्यांना चार गोष्टी एका धाग्यात पाहिजेत, काय झालं, कोणाचं नुकसान झालं, ते प्रकल्पामुळेच कसं झालं आणि बँकेने काय केलं असतं तर टळलं असतं. समजा, फक्त उदाहरण म्हणून, असं लिहायचं: "आमच्या पाड्याच्या वरच्या बाजूला मार्चपासून भराव टाकला जातोय. जूनच्या पहिल्या पावसात ती माती ओढ्यात आली आणि खालच्या विहिरी गढूळ झाल्या, आम्ही पाणी दोन किलोमीटरवरून आणतोय. व्यवस्थापन आराखड्याच्या तक्त्यात भरावाला पावसाळ्याआधी दगडी बांध घालायचा असं लिहिलंय, तो घातलेला नाही. आम्ही अमुक तारखेला साइट ऑफिसला आणि अमुक तारखेला बँकेच्या दिल्ली ऑफिसला कळवलं, उत्तर नाही. आमची मागणी बांध, विहिरींची सफाई आणि तोपर्यंत टँकर." झालं. दीड पान पुरतं. सोबत तारीख दिसणारे फोटो, एक हाताने काढलेला नकाशा, सह्या. इंग्रजी चांगलं नसलं तरी चालतं, वर्ल्ड बँकेचं पॅनेल तर कोणत्याही भाषेतली तक्रार घेतं, मराठीत पाठवा. नावं गुप्त ठेवायची विनंती करता येते आणि ज्यांची मुलं ठेकेदाराकडे कामाला आहेत त्यांनी ती जरूर करावी.

याचा खरंच उपयोग होतो का असं लोक विचारतात तेव्हा मी कुर्ल्याचं सांगतो. वर्ल्ड बँकेच्या कर्जातला एमयूटीपी, मुंबईच्या लोकल आणि रस्त्यांचा प्रकल्प, १ लाख २० हजारांच्या आसपास माणसं हलवायची होती. सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडच्या मार्गात कुर्ल्याच्या गाझीनगरचे छोटे दुकानदार येत होते. लांब नेलेल्या वसाहतीत धंदा चालणार नाही आणि तिथलं पाणी, गटारं, कचरा यांचा पत्ता नाही असं या प्रकल्पातल्या लोकांचं म्हणणं होतं, २००४ मध्ये हे दुकानदार आणि मग आणखी काही गट पॅनेलकडे गेले. पॅनेलने तपास केला, अहवाल लोकांच्या बाजूने आला आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्त्यांच्या भागाचे पैसे थांबवले. राज्य सरकारने सुधारणा करायला घेतल्यावर जूनअखेर ते परत सुरू झाले. दुकानदारांनी प्रकल्प रद्द करा म्हटलं नव्हतं, त्यांनी बँकेचाच पुनर्वसनाचा नियम बँकेपुढे धरला.

हे पॅनेल आलं कुठून ते पण महाराष्ट्रातल्या लोकांना माहीत असायला हवं, कारण त्यात आपल्या आदिवासी गावांचा वाटा आहे. सरदार सरोवराला वर्ल्ड बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले, धरण गुजरातमध्ये, बुडणारी गावं मध्य प्रदेशात, गुजरातमध्ये आणि आत्ताच्या नंदुरबार जिल्ह्यात ३३. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली त्यात पहिलं. लोकांच्या लढ्यामुळे बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली, तिने १९९२ मध्ये सांगितलं की पुनर्वसन आणि पर्यावरण दोन्हींचा अभ्यास नीट झालेलाच नाही. मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज सोडून दिलं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेने इन्स्पेक्शन पॅनेलचा ठराव केला, आणि १९९४ मध्ये मोठ्या धरणांना पैसे देणं थांबवा म्हणून जगभरच्या संघटनांनी जो जाहीरनामा काढला त्याला नाव दिलं मणिबेलीचं.

पण यातच एक फार कडू गोष्ट आहे आणि ती तक्रार करायच्या आधी गावाने बसून बोलायला हवी. बँक गेली, धरण थांबलं नाही. ते देशातल्या पैशावर पूर्ण झालं, आणि बँकेबरोबर तिचे नियम, तिची देखरेख, तिला पत्र लिहायची सोय हे सगळं पण गेलं. आंध्र प्रदेशच्या नव्या राजधानीच्या, अमरावतीच्या, प्रकल्पातही २०१९ मध्ये पॅनेलचा तपास मंजूर व्हायच्या बेतात असताना भारत सरकारने कर्जाची मागणीच मागे घेतली. त्यामुळे आपल्याला प्रकल्प रद्द हवाय, मार्ग बदलून हवाय, की नुकसान भरून हवंय हे आधी ठरवा आणि पत्रात तेच मागा. रद्दच हवा असेल तर बँक निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी कुठे लढायचं हे पण ठरलेलं पाहिजे.

कोर्टाचा रस्ता पण बघून ठेवा पण भरवसा कमी ठेवा. कच्छमधल्या मुंद्र्याच्या टाटांच्या ४००० मेगावॅटच्या कोळशाच्या वीज प्रकल्पाला आयएफसीने ४५ कोटी डॉलर दिले होते. मच्छीमारांनी २०११ मध्ये सीएओकडे तक्रार केली, २०१३ च्या अहवालात सीएओने आयएफसीच्या चुका दाखवल्या, आयएफसीने त्यावर पुरेसं काही केलं नाही, मग मच्छीमार वॉशिंग्टनच्या कोर्टात गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध १ असं सांगितलं की अशा संस्थांना कोर्टापासून पूर्ण संरक्षण नाही. केवढा मोठा निकाल. पण पुढे खालच्या कोर्टांनी अमेरिकेतल्या कामाशी पुरेसा संबंध नाही म्हणून केस काढून टाकली. मच्छीमारांच्या हातात नुकसानभरपाई पडली नाही, तरी त्या निकालाने पुढच्यांसाठी दार किलकिलं केलं आणि त्याबद्दल मला त्या लोकांविषयी खूप आदर वाटतो.

आणि जेव्हा पैसा आपला असतो तेव्हा? बांगलादेशात सुंदरबनच्या कडेपासून १४ किलोमीटरवर रामपालचा १३२० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प उभा राहिला, एनटीपीसी या भारत सरकारच्या वीज कंपनीची भागीदारी आणि भारताच्या एक्झिम बँकेचं कर्ज. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये तो तिथून हलवा असं सांगितलं होतं. कुर्ल्याच्या दुकानदारांना जसं पॅनेल होतं तसं तिथल्या मच्छीमारांसाठी एक्झिम बँकेत स्वतंत्र खातं नाही. ते असावं अशी मागणी आपल्या खासदारांकडे करणं हे सुद्धा याच कामात मोडतं, लोकसभेत अर्थ मंत्रालयाला लेखी प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारायला खासदाराला पत्र लागतं तुमचंच, वरच्यासारखंच दीड पानाचं, एक प्रश्न, एक मागणी, खाली सह्या.